‘कळकणे’ म्हणजे ऑक्सिडेशनच का?

प्रश्न असा आहे: “पितळेच्या पातेल्यात राहिलेलं ताक कळकलं, असं घरात म्हणतात. हे ऑक्सिडेशनच ना? मग भाषांतरात ‘ऑक्सिडीकरण’ या बोजड शब्दाऐवजी सरळ ‘कळकणे’ का लिहू नये?”

कळकण्यामागे ऑक्सिडीकरण असतं हे खरं, पण प्रत्येक ऑक्सिडीकरण म्हणजे कळकणं नव्हे. आधी वाक्यातला कर्ता बघा. ताक कळकतं, दही कळकतं, चिंचेचं सार कळकतं. ऑक्सिडीकरण होतं भांड्याच्या धातूचं आणि क्रियापद लागतं पदार्थाला! ‘गंजणे’ याच्या उलट, तिथे खिळाच गंजतो. स्वयंपाकघराला भांड्याचं काय झालं यापेक्षा ताक पिण्याजोगं राहिलं का, याच्याशी मतलब. म्हणून दूध नासतं, पीठ आंबतं, तेल खवट होतं, आमटी उतरते आणि ताक कळकतं. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. फ्रीजबाहेर राहून जास्त आंबट झालेल्या ताकाला कोणी कळकलं म्हणत नाही, कारण त्यात धातूचा संबंध नाही.

कळकायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: तांबं (किंवा तांबं-जस्ताचं पितळ), आंबट पदार्थ आणि हवा. हवेचा वाटा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जस्ताचा तुकडा सौम्य आम्लात टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे येतात. तांबं टाकलं तर येत नाहीत. म्हणजे ताकातलं लॅक्टिक आम्ल किंवा चिंचेतलं टार्टारिक आम्ल एकट्याने तांब्याचं फारसं काही वाकडं करू शकत नाही. ऑक्सिजन तांब्याच्या अणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतो, हे ऑक्सिडीकरण. तयार झालेल्या ऑक्साइडला आम्ल विरघळवून टाकतं, खालचा धातू पुन्हा उघडा पडतो आणि चक्र चालू राहतं. निळसर-हिरवी रेघ बहुधा ताकाच्या पातळीच्या काठावर दिसते ती यामुळेच: हवा, धातू आणि आंबटपणा तिथे एकत्र येतात.

चव तुरट-कडवट, धातूची लागते. जास्त पोटात गेलं तर मळमळ, उलटी, पोटदुखी. उकळून, साखर घालून किंवा गाळून उपयोग नाही. तांबं आयनांच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या सूक्ष्म कणांच्या, रूपात विरघळलेलं असतं. उकळल्यावर पाणी उडतं, तांबं राहतं, उलट दाट होतं. ओतून द्या.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी मात्र यात धरू नका. साध्या पाण्यात आम्ल जवळजवळ नसतं, म्हणून तांबं फार थोडं उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे 2 मिलिग्रॅम आहे. त्याच भांड्यात लिंबू पिळलं की हिशेब बदलला. पूजेनंतर पंचामृताचं तीर्थ ताम्हनात तसंच राहू देऊ नये, लगेच स्टीलच्या किंवा चांदीच्या वाटीत काढावं, ते याच कारणाने.

आता भाषांतराचं. चांदी कळकत नाही, काळवंडते. तो थर बहुतांशी सल्फाइडचा. लोखंडी कढईत भाजी काळी पडते, तेही कळकणं नाही, आणि त्यातलं लोह त्रासदायकही नाही. कापलेलं सफरचंद लालसर पडतं तिथे हवेतला ऑक्सिजनच काम करतो, पण मदतीला फळातलं विकर (एन्झाइम) असतं. या सगळ्यांना वर्गात ‘ऑक्सिडीकरण’ हे एकच नाव चालतं, कारण तिथे इलेक्ट्रॉन मोजायचे असतात. घरात चालत नाही. तेव्हा उत्तरपत्रिकेत आणि पाठ्यपुस्तकात ‘ऑक्सिडीकरण’ लिहा. ताकाचा प्रसंग असेल तिथे ‘कळकलं’ लिहा आणि कंसात काही समजावत बसू नका.

शब्दाचं नातं ‘कलंक’शी जोडतात. संस्कृतात कलंक म्हणजे डाग, आणि लोखंडावरचा गंजही. ‘कळकळ’ किंवा बांबूचा ‘कळक’ यांच्याशी मात्र गल्लत करू नये.

उपाय जुनाच, कल्हई. भांडं घासून-धुऊन भट्टीवर तापवतात, नवसागर (अमोनियम क्लोराइड) भुरभुरतात, कथिलाची कांडी टेकवतात आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने आतून सगळीकडे फिरवतात. नवसागर तापला की त्यातून सुटणारा आम्लवायू तांब्यावरचं ऑक्साइड खाऊन टाकतो. तो पांढरा धूर उगीच नसतो. ऑक्साइड राहिलं तर कथील तिथे धरत नाही आणि टिकल्या पडल्यासारख्या मोकळ्या जागा राहतात. कथील शुद्धच हवं. शिसं मिसळलेलं स्वस्त कथील वापरलं तर तांब्यापासून वाचून शिशाच्या तावडीत सापडल्यासारखं आहे, आणि शिसं चवीला कळतही नाही.

कल्हई बिघडते ती आपल्याच हाताने. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवलं की थर ओघळतो. फोडणी करायची तर तेल आधी घाला, मग आच लावा. तारेच्या घासणीने चरे पडतात. मऊ घासणी किंवा काथ्या पुरे. थर राखाडी झाला तर घाबरू नका, पण तळाशी तांबूस-पिवळं दिसू लागलं की आंबट पदार्थ बंद आणि भांडं कल्हईला.

बाहेरून हिरवं चढलेलं तांब्याचं भांडं लिंबाएवढी भिजवलेली चिंच आणि चमचाभर मिठाने चोळलं की लख्ख होतं. प्रक्रिया तीच, फक्त इथे ती आपल्याला हवी असते. नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसा, नाहीतर ओलाव्याने पुन्हा डाग धरतात. आणि ती चिंच फेकून द्या. ती पुरती कळकलेली असते.