निम्म्या किमतीत पेन मिळतंय, मागवू का?

प्रश्न : ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ४४, उंची ५ फूट ३ इंच, वजन ९२ किलो. सहा वर्षं शुगर आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. नणंदेनं एक लिंक पाठवलीय, वजन कमी करायचं इंजेक्शन, पेनासारखं येतं ते, निम्म्या किमतीत घरपोच, आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, फॉर्म भरला की त्यांचेच डॉक्टर चिठ्ठी देतात म्हणे. मागवू का? आणि घेतल्यावर नेमकं काय होतं?

उत्तर : त्या लिंकवरून तरी मागवू नका. इंजेक्शन वाईट आहे म्हणून नाही सांगत. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३६ च्या आसपास येतो आणि वर शुगर, म्हणजे ज्यांच्यासाठी हे औषध आहे त्यातच तुम्ही बसता. बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर असून शुगर-बीपी सोबत असेल तर डॉक्टर याचा विचार करतात. मला काळजी वाटते ती तुमच्या ग्लिमेपिराइडची. ती गोळी तुम्ही जेवा न जेवा, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, आणि हे इंजेक्शन भूकच कमी करतं, मग ताट निम्म्यावर आलं आणि गोळी तेवढीच राहिली की साखर खाली जाते, दरदरून घाम, हातापायाला थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. म्हणून इंजेक्शन सुरू करताना डॉक्टर ती गोळी बऱ्याचदा कमी करतात नाहीतर थांबवतात. आता तुम्हीच बघा त्या फॉर्ममध्ये चालू गोळ्यांची नावं विचारलीत का. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालाय का, तुम्हाला कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला, हे विचारलंय का? साखर एकदम खाली आली की आधीच खराब असलेला पडदा आणखी बिघडू शकतो, म्हणून सहा वर्षांच्या शुगरला आधी डोळे तपासायचे. हे न विचारता आलेल्या चिठ्ठीला मी चिठ्ठी म्हणत नाही.

ऑनलाइन मागवणंच चूक, असं माझं म्हणणं नाही. मी साताऱ्यात मेडिकल चालवते तरी हे सांगते. तुमच्या शेजारीच मिरज आहे, कर्नाटकातनं लोक तिथं उपचाराला येतात, तिथल्या किंवा सांगलीतल्या फिजिशियनना नाहीतर हार्मोनच्या डॉक्टरांना एकदा समोर बसून दाखवा, मग ती चिठ्ठी घेऊन औषध कुठूनही घ्या, फक्त विकणाऱ्याकडं परवाना हवा, तो चिठ्ठी मागणारा हवा, आणि बिलावर परवाना नंबर, बॅच नंबर, एक्सपायरी हवी. किमतीचं म्हणाल तर मार्च २०२५ मध्ये मौंजारो नावाचं असं इंजेक्शन भारतात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक बाटली, म्हणजे एका आठवड्याचा डोस, ३,५०० रुपयांना होती. जून २०२५ मध्ये वेगोवी नावाचं दुसरं आलं, त्याचा सुरुवातीचा महिना १७,३४५ रुपयांचा होता आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीनं भाव उतरवले. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या पेटंटची भारतातली मुदतही मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळं स्वस्त दिसलं की ते खोटंच असेल असं नाही. पण स्वस्त आणि बिनचिठ्ठी असं दोन्ही एकत्र आलं की मात्र थांबा. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये बनावट ओझेम्पिकबद्दल (तेही सेमाग्लुटाइडचंच इंजेक्शन) इशारा दिला होता, तो माल २०२३ मध्ये ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडला होता, आणि अशा बनावट पेनात कधी कधी इन्सुलिनसुद्धा असू शकतं असं त्यांनी सांगितलं होतं. तुमच्यासारख्या ग्लिमेपिराइडवाल्या बाईच्या अंगात चुकून ते गेलं तर काय होईल याचा विचार करूनच मला धडकी भरते. आणि पावडरची बाटली पाठवून 'पाणी घालून घ्या' म्हणणारे असतील त्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका.

दुसरी भीती उन्हाची. गेल्या मे महिन्यात एक काका माझ्याकडं खोकं घेऊन आले, ऑनलाइन मागवलेलं, कुरिअरनं दोन दिवस वाटेत ठेवलेलं. आतले बर्फाचे पाउच पाणी होऊन कोमट झाले होते आणि पेन हाताला गरम लागत होतं. औषध दिसायला स्वच्छ, पाण्यासारखं, आणि फसगत होते ती इथंच, कारण उष्णतेनं खराब झालेलं औषध नुसतं बघून ओळखता येत नाही. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशात ठेवायचं असतं. मौंजारो फ्रिजबाहेर जास्तीत जास्त २१ दिवस चालतं, तेही ३० अंशाच्या आत, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या घरात. विकणाऱ्यानं परत घ्यायला चक्क नकार दिला, काकांनी ते टाकून दिलं, त्यांचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. म्हणून पार्सल आलं की खोकं तसंच बाजूला टाकू नका, तिथल्या तिथं उघडून गारवा बघा, फोटो काढा, गरम असेल तर घेऊच नका. घरी आल्यावर फ्रिजरमध्येही ठेवू नका बरं का, गोठलेलं औषध फेकूनच द्यावं लागतं.

आता घेतल्यावर काय होतं ते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पोटाच्या, मांडीच्या किंवा दंडाच्या चामडीखाली बारीक सुई, दर वेळी जागा बदलायची. वेगोवीचा पहिला महिना ०.२५ मिलिग्रॅमचा, तो फक्त शरीराला सवय व्हावी म्हणून, त्यामुळं चार आठवड्यांत काटा फारसा हलला नाही तर 'औषध खोटं' म्हणून डोस स्वतःहून वाढवायचा नाही. पुढं दर चार आठवड्यांनी डॉक्टर चढवत नेतात, २.४ पर्यंत. मळमळ, उलटी, जुलाब नाहीतर उलट बद्धकोष्ठता, कुजक्या अंड्यासारखे ढेकर, हे बहुतेक करून डोस चढला की होतं आणि हळूहळू कमी येतं. पोट उशिरा रिकामं होतं म्हणून तर्रीवाली मिसळ किंवा पोटभर पुरणपोळी खाल्ली की अख्खी रात्र त्रास, त्यापेक्षा थोडं थोडं खा, पोट भरलं म्हणालं की हात थांबवा, ताटात आधी अंडं, डाळ, दही, मटकी येऊ द्या कारण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पाणी पीत राहा. पण पोटात असह्य कळ येऊन ती पाठीत गेली आणि उलट्या थांबेनात तर घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

वजन किती उतरतं? वेगोवीच्या २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत शुगर नसलेल्या लोकांचं ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं, पण शुगर असलेल्यांचं कमी उतरतं, त्यांच्या वेगळ्या चाचणीत १० टक्क्यांच्या आसपास, तुमच्या हिशेबात साधारण ९ किलो, आणि तेही सव्वा वर्षात, आहार-चालण्यासकट. आणि त्या पहिल्या चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणून पहिल्या महिन्याचा भाव बघू नका, दोन वर्षांचा हिशोब करा, आणि बंद कधी, कसं करायचं हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा.

प्रश्न : एका पेनात महिन्याचे चार डोस असतात. आम्ही नवरा-बायको सुया वेगळ्या वापरून एकच पेन वाटून घेतलं तर चालेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात नाही. सुई बदलली तरी रक्ताचा अंश पेनात मागं जाऊ शकतो आणि कावीळ-बी, एचआयव्हीसारखे आजार एकाचे दुसऱ्याला लागू शकतात. शिवाय दोघांचा डोस सारखा असेलच असं नाही. पैसे वाचवायचेच असतील तर ज्याला जास्त गरज आहे त्याचंच आधी सुरू करा, डॉक्टर सांगतील कुणाचं.

प्रश्न : माझ्या मुलीला पीसीओडी आहे, वजन ८१, दोन महिन्यांनी लग्न आहे. तेवढ्यात १५ किलो उतरवायला हे इंजेक्शन देऊ का? — एक आई, कराड

उत्तर : दोन महिन्यांत तर डोस पुरता चढतही नाही, १५ किलोची आशा धरू नका. आणि लग्नानंतर लवकर मूल हवं असेल तर हे आधी डॉक्टरांना सांगा, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही, सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. मूल लगेच नको म्हणून ती गर्भनिरोधक गोळी घेणार असेल तर मौंजारोनं त्या गोळीचा भरवसा कमी होतो, सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढल्यावर चार आठवडे दुसरं साधनही वापरावं लागतं. हे सगळं मुलीला स्वतःला कळायला हवं, तिला सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांशी तिलाच बोलू द्या.