फॅन्टसी बेसबॉल: एकाच्या बदल्यात दोन खेळाडू घ्यावेत का?

प्रश्न असा: फॅन्टसी बेसबॉलची, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकडेवारीवर आपला काल्पनिक संघ चालवण्याच्या खेळाची, १२ संघांची ५×५ रोटो लीग (बॅटिंगच्या पाच आणि पिचिंगच्या पाच कॅटेगरी). समोरचा एक क्लोजर (शेवटी येऊन आघाडी टिकवणारा पिचर) आणि एक साधारण आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागात खेळणारा) देऊन तुमचा सर्वोत्तम स्टार्टिंग पिचर (सामन्याची सुरुवात करणारा) मागतोय.

खेळाडूंची नावं बाजूला ठेवा, आधी गुणतक्ता उघडा. रोटोत गुण मिळतात ते प्रत्येक कॅटेगरीतल्या क्रमांकाचे. सेव्हमध्ये (क्लोजरने आघाडी राखून संपवलेले सामने) तुमच्या लगेच वरचे तीन संघ ५-६ सेव्हच्या अंतरात असतील, तर क्लोजर तीन गुण मिळवून देऊ शकतो. तुम्ही २५ सेव्हने मागे असाल, तर जवळपास काहीच नाही.

पिचर गेल्यावरचा तुमच्या संघाचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकीशिवाय गेलेले रन) हिशोब करूनच काढा. मोसमाअखेरचा अंदाज ९६० इनिंग, ४०० अर्न्ड रन असेल तर ३.७५. त्यातून त्याच्या उरलेल्या ६० इनिंग आणि २० रन वजा करा: ३.८०. फरक किरकोळच! खरा फटका बसतो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि विजयांना, कारण त्यांची थेट बेरीज होते.

बहुतेकांची चूक इथे होते: दोन आले की एकाला सोडावं लागतं. म्हणून आउटफिल्डरची किंमत म्हणजे तो वजा सोडलेला खेळाडू. फ्री एजंटमध्ये (लीगमधल्या कोणत्याच संघात नसलेल्या खेळाडूंत) तसाच आउटफिल्डर मिळत असेल, तर तुम्ही फक्त क्लोजरसाठी तुमचा एस (सर्वोत्तम स्टार्टिंग पिचर) देताय. मग नकार द्या. मात्र पिचरचा एफआयपी (क्षेत्ररक्षण आणि नशीब वगळून मोजलेला, ईआरएसारखाच आकडा) ईआरएपेक्षा बराच जास्त असेल, तर आत्ताच विकणं चांगलं.