कागद तुमच्या घरी नाही, तहसीलीत असेल

प्रश्न : कुही तालुक्यात आमच्या आजोबांची पाच एकर धानाची शेती आहे. आजोबा १९६४ साली वारले, बाबाही आता नाहीत. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. मी मानेवाड्याला राहतो, शेती चुलतभाऊ वाहतो. हिस्सा मागितला तर म्हणतो, 'तुझ्याकडे एक तरी कागद आहे का?' खरंच नाही. खरेदीखत नाही, वाटणीपत्र नाही, आजोबांच्या मृत्यूचा दाखलाही नाही. हक्क कसा दाखवू?

उत्तर : भाऊ, त्याच्याकडे तरी कोणता कागद आहे, हे आधी विचारा. तुम्हाला दोनच गोष्टी दाखवायच्या आहेत: जमीन आजोबांची होती आणि तुम्ही त्यांचे वारस आहात. सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, पण उलट सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी धरतात. त्यामागचा जुना कागद म्हणजे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. मालगुजारी, म्हणजे मालगुजारांमार्फत सारावसुलीची जुनी पद्धत, १९५१ ला गेली, त्यानंतर कोणती जमीन कोणाच्या नावे लागली ते त्यात सापडतं. खसरा नंबर (शेताचा नंबर) देऊन तहसीलीतून नक्कल मागा. जुना नंबर नंतर बदललेला असू शकतो, तेही विचारून घ्या.

मृत्यूसाठी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढा. 'अमुक वल्द तमुक', वय अंदाजाने, कारण 'ताप', एवढंच लिहिलेलं असतं. पण तारीख मिळते. नावापुढचं 'जी' एकीकडे असेल, दुसरीकडे नसेल. घाबरू नका. सातबाऱ्यावरची लेखनाची चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडून दुरुस्त होते.

मग पटवाऱ्याकडे वारस फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवण्याचा, अर्ज, सोबत सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. तुमच्या पत्रात आत्यांचा उल्लेखच नाही. नसतील तर प्रश्न मिटला. असतील तर त्यांचं, आणि त्या हयात नसतील तर त्यांच्या मुलाबाळांचं नाव घाला. आजोबा १९५६ च्या वारसा कायद्यानंतर वारले, मुलीचा हक्क आहेच. गाळलेली आत्या पुढे अपिलात उभी राहते. चुलतभावाने हरकत घेतली तर नोंद तक्रारी होते, सुनावणी लागते. निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा. मालकीचाच वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो, फेरफाराने नाही.

तो इतकी वर्षं वाहतो म्हणून जमीन त्याची होत नाही. एका हिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरतात. पण आता तो तोंडावर हक्क नाकारतो आहे. नुसत्या ताब्यावरून मालकी सांगण्याची बारा वर्षांची मुदत अशाच उघड नकारापासून मोजली जाऊ शकते, तेव्हा दिवाळीनंतर बघू असं म्हणू नका.

आणि पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीकडून 'पक्का हक्क' करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्या कागदाने कोणी मालक होत नाही. नावं चढली आणि सगळे राजी असले तर त्याच संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटणी करून देतात. नसतील तर वाटणीचा दावा टाका. धुरा (बांध) कुठे पडेल ते त्यानंतरच्या मोजणीत ठरेल.