वाचकांचे प्रश्न : वेदीवरचे दान आणि बागेतला बांध

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे रोजच्या प्रार्थनेविषयी आहेत. ती उत्तन, वेंगुर्ले तालुका आणि वसई येथून आली असून, सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आणि त्यांच्यामधला उरलेला दिवस यांचा मेळ कसा घालावा, हीच तिन्ही पत्रलेखकांची अडचण आहे. त्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे घर मासेमारीवर चालते. पहाटे बंदरावर जाऊन मासळी घ्यायची, बर्फ लावायचा, दुपारपर्यंत भाईंदरच्या बाजारात बसायचे आणि घरी येऊन बोंबील वाळत घालायचे, असा माझा दिवस असतो. रात्री घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या रहस्यापाशी, म्हणजे जपाच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यापाशी, माझा डोळा लागतो. सासूबाई म्हणतात, अशी झोपेतली प्रार्थना देवापर्यंत पोहोचत नाही. मी काय करावे?
— एक भगिनी, उत्तन

उत्तर : भगिनी, प्रार्थनेच्या वेळी मन जागे असावे ही सासूबाईंची अपेक्षा योग्यच आहे, आणि ज्या घरात आजही रात्री सगळे मिळून गुडघे टेकतात, त्या घराला ती शिस्त बहुधा अशाच एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीने लावलेली असते, हेही ध्यानात ठेवावे. परंतु दिवसभराच्या कष्टांनी लागलेल्या झोपेला मी पाप म्हणणार नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशू मरणप्राय दुःखात प्रार्थना करीत असताना त्याचे अगदी जवळचे तीन शिष्य झोपी गेले होते. त्याने त्यांना उठवले, जागे राहण्यास सांगितले आणि आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त असतो, हे त्यानेच बोलून दाखवले. त्या तिघांपैकी कोणाचेही शिष्यत्व त्या रात्रीमुळे गेले नाही.

रोझरी कशी रूढ झाली हे पाहिले तर तुमचे ओझे आणखी हलके होईल. मठांतील संन्यासी बायबलमधील १५० स्तोत्रे म्हणत असत. ज्यांना वाचता येत नव्हते आणि ज्यांच्यामागे दिवसभराची कामे होती, अशा साध्या लोकांत त्या स्तोत्रांच्या जागी १५० वेळा ‘नमो मरिया’ ही मरियामातेची छोटी प्रार्थना म्हणण्याची रीत मध्ययुगात पडली. कष्टकऱ्यांच्या सोयीसाठी वाढलेली प्रार्थना एका कष्टकरी बाईला धाक वाटावी, हे तिच्या मूळ हेतूला धरून नाही. म्हणून घरातल्यांबरोबर अवश्य बसा, पहिले रहस्य पूर्ण जागेपणी म्हणा, आणि पुढे डोळा लागला तर उरलेली प्रार्थना घरच्यांच्या तोंडून तुमच्यासाठीही होत आहे, असे समजा. शक्य असेल तर रोझरी जेवणाआधी ठेवण्याविषयी सासूबाईंशी बोलून पाहा. त्यांचा मान राखून विचारलेत तर त्या नाही म्हणतील असे मला वाटत नाही. शिवाय आंजेलुसची, म्हणजे देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाची आठवण करणारी, प्रार्थना परंपरेने सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता म्हणतात. तीत ‘नमो मरिया’ फक्त तीनदा येते, त्यामुळे बारा वाजता बाजारात पाटीसमोर बसल्या बसल्याही ती मनातल्या मनात म्हणता येते.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मी आपणहून सांगतो, कारण मला ती अधिक मोलाची वाटते. रात्रीच्या रोझरीइतकीच देवाची नजर तुमच्या पाटीवरही असते. ताजे बोंबील वर आणि नरम पडलेले खाली असा वाटा लावायचा की जसा माल आहे तसा दाखवायचा, बाजार उठता उठता मोजके पैसे घेऊन आलेल्या बाईला काय द्यायचे, शेजारच्या कोळणीचे गिऱ्हाईक हाक मारून ओढायचे की नाही, हे सारे निर्णय प्रार्थनेच्या कक्षेतलेच आहेत. आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन या संन्यासी संघात जाण्यापूर्वी व्यापार करीत होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे ज्या २६ जणांना क्रुसावर चढवून ठार मारण्यात आले, त्यांत ते होते, आणि १८६२ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. खरेदी-विक्रीच्या व्यवहारात वावरलेला माणूस पुढे देवासाठी प्राण देऊ शकला, हे आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक विक्रेत्याने आठवणीत ठेवण्यासारखे आहे.

म्हणून बाजारातून घरी परतताना, रिक्षात किंवा बसमध्ये, त्या दिवशी समोर आलेली माणसे एकेक करून डोळ्यांपुढे आणा. कोणाशी नीट वागलात त्याबद्दल देवाचे आभार माना, कोणाशी चुकलात त्याबद्दल क्षमा मागा, आणि उद्या ते माणूस पुन्हा भेटले तर काय करायचे ते ठरवा. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाटियस लोयोला यांनी आपल्या संघातील लोकांना असे आत्मपरीक्षण दिवसातून दोनदा करण्यास सांगितले होते. तुमच्यासाठी एकदा पुरे, आणि ते दिवसाउजेडी होत असल्यामुळे झोपेची अडचण येणार नाही.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात आम्हा दोघा भावांत आंबा-काजूच्या बागेवरून वाद झाला. सातबाऱ्यावर दोघांचीही नावे आहेत, पण बांध नेमका कुठून जातो यावर एकमत होत नाही. बोलणे बंद आहे. लग्नकार्यालासुद्धा आम्ही एकमेकांकडे जात नाही. मी रोज सकाळी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो, घरी बायबल वाचतो आणि भावाला क्षमा केली असे देवाला रोज सांगतो. तरीही रस्त्यात त्याची मोटारसायकल दिसली की राग उसळून येतो. माझी प्रार्थना खोटी आहे का?
— एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : बंधू, तुमची प्रार्थना खरी आहे, पण ती अर्ध्या वाटेत थांबली आहे. भावाला क्षमा केल्याचे तुम्ही देवाला रोज सांगता, परंतु ज्याला क्षमा केली त्या भावाच्या कानावर ती अजून गेलेली नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, की तू आपले दान घेऊन वेदीजवळ आला असताना, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर ते दान तिथेच वेदीसमोर ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर. हे वचन आपण इतक्या वेळा ऐकलेले असते, की त्यातल्या दोन गोष्टी सहज नजरेआड होतात. पहिली ही, की आपल्या मनात भावाविषयी काय आहे हे प्रभू इथे विचारत नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काय आहे, ते आठवण्यास तो सांगतो. तुमच्या पत्रात तुमच्या रागाबद्दल पुष्कळ आहे, पण भावाची तक्रार काय आहे याबद्दल एक वाक्यही नाही. ती तक्रार, तुम्हाला ती पूर्णपणे चुकीची वाटत असली तरी, त्याच्या शब्दांत तुम्हाला सांगता येते का, हे प्रामाणिकपणे तपासून पाहा.

दुसरी गोष्ट अंतराची आहे. हे शब्द गालीलमध्ये, डोंगरावर बसलेल्या लोकांना उद्देशून बोललेले आहेत, आणि दान अर्पण करण्याची वेदी यरुशलेमच्या मंदिरात होती. गालीलहून यरुशलेमला पायी जायला साधारण तीन-चार दिवस लागत. एवढी वाट तुडवून वेदीपाशी पोहोचलेल्या माणसाला प्रभू सांगतो, की परत गावी जा, भावाला भेट आणि मग पुन्हा ये. ज्यांनी ते प्रत्यक्ष ऐकले त्यांना ही मागणी केवढी मोठी वाटली असेल! तुमच्या आणि भावाच्या घरामध्ये, तुमच्याच पत्रावरून दिसते त्याप्रमाणे, एका बागेचे अंतर आहे.

प्रार्थनेविषयी शिकवताना प्रभूने ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना दिली आणि ती संपताच तिच्यातल्या एकाच मागणीवर पुन्हा बोलला : तुम्ही माणसांना क्षमा केली नाही, तर तुमचा पिताही तुम्हाला क्षमा करणार नाही. रोजच्या भाकरीवर किंवा मोहावर त्याने तिथे वेगळे भाष्य केले नाही. मिस्सेतसुद्धा ही प्रार्थना म्हटल्यावर, ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी, आपण एकमेकांना शांती देतो. बाकावर शेजारी बसलेल्याला ती देणे सोपे असते. रोज सकाळी त्या क्षणी तुम्ही मनात तुमच्या भावाचे नाव घ्यावे, असे मी सुचवतो.

आता जमिनीविषयी, कारण आपल्या कोकणात भाऊबंदकीने किती घरांचे अंगण दुभंगले आहे हे मी पाहत आलो आहे आणि या विषयावर मोघम बोलून भागणार नाही. क्षमा करणे म्हणजे हक्क सोडून देणे, असे शुभवर्तमान कुठेही सांगत नाही. मोजणी मागवावी, दोघांच्या संमतीने वाटणी करून घ्यावी, कागद नीट करावेत, म्हणजे पुढच्या पिढीला हा वाद वारशात मिळणार नाही. मात्र लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस येशूकडे येऊन, ‘माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा’, अशी विनंती करतो, तो प्रसंग एकदा शांतपणे वाचा. तुमचीच तक्रार घेऊन आलेला तो माणूस आहे. येशू त्या वाटणीचा न्यायाधीश होण्यास नकार देतो आणि सर्व प्रकारच्या लोभापासून सावध राहा, असे ऐकणाऱ्या सगळ्यांनाच बजावतो. आपली बाजू न्यायाची आहे हे देवाकडून वदवून घेण्यासाठी प्रार्थना वापरण्याचा मोह तुम्हालाही होत असेल. तसे असेल तर तो ओळखा.

तुम्ही काय करावे ते स्पष्टच लिहितो. मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे आधी एकटे जा. पंच, मेहुणे किंवा फादर यांना पहिल्याच भेटीत सोबत नेऊ नका, कारण चार माणसांसमोर प्रत्येकाला आपला शब्द राखावासा वाटतो. पहिल्या भेटीत बांधाचा विषय काढू नका. वडिलांच्या पुण्यतिथीच्या मिस्सेला दोघांनी मिळून बसावे, एवढेच विचारा. घरात मुलांदेखत भावाविषयी वाईट बोलणे आजपासून बंद करा. आणि ज्या कलमावरून दोघांचा वाद आहे, त्या कलमाच्या आंब्यांची पहिली पेटी यंदा त्याच्या घरी पोहोचवा. एक पेटी पाठवल्याने तुमचा हक्क बुडत नाही, आणि ती उघडताना त्याच्या घरात तुमच्याविषयी जे बोलले जाईल, ते तुम्ही वर्षभर चर्चमध्ये बसून घडवू शकला नसता.

राहिला राग. मोटारसायकल दिसताच तो उसळतो, यावर तुमचा लगेच ताबा चालणार नाही. पण त्यानंतरचा क्षण तुमच्या हाती आहे. त्या क्षणी त्याचे नाव घेऊन त्याच्यासाठी एक ठरावीक चांगली गोष्ट मागा, जसे मुलीचे शिक्षण, पत्नीची प्रकृती किंवा यंदाचा मोहोर. वैऱ्यांसाठी प्रार्थना करा, असे प्रभूने सांगितले ते शिष्यांच्या रोजच्या वागण्यासाठी, आणि इथे तर समोर सख्खा भाऊ आहे. तुम्ही गेलात आणि त्याने दार उघडले नाही, तर रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील वचन तुम्हाला आधार देईल : शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्व माणसांबरोबर शांतीने राहा. मग काही महिन्यांनी पुन्हा जा.

प्रश्न : मी रोज विरारहून चर्चगेटला नोकरीसाठी जातो. लोकलमध्ये मोबाइलवर त्या दिवसाचे शास्त्रवाचन वाचतो, पण कार्यालयात पोहोचेपर्यंत काय वाचले ते आठवतही नाही. हे वाचन उपयोगाचे आहे का?
— एक तरुण वाचक, वसई

उत्तर : वाचन चालू ठेवा आणि मोबाइलवर वाचता याचा संकोच बाळगू नका. याकोबाने आपल्या पत्रात तुमच्याच अवस्थेचे वर्णन केले आहे : वचन ऐकून त्याप्रमाणे न करणारा माणूस आरशात आपले तोंड पाहतो आणि तिथून निघताच आपण कसे होतो हे विसरतो. विसरण्यावर त्याने सांगितलेला उपाय पाठांतराचा नाही. वचनाप्रमाणे करा, असे तो सांगतो. ख्रिस्तसभेच्या वाचनक्रमात रविवारची वाचने तीन वर्षांच्या आणि साध्या दिवसांची पहिली वाचने दोन वर्षांच्या चक्राने येतात, त्यामुळे आज सुटलेला उतारा पुढे पुन्हा समोर येतोच. सगळे एकाच दिवशी लक्षात ठेवण्याची घाई नको.

फक्त शुभवर्तमान वाचा आणि त्यातले एक वाक्य निवडा. बोरिवली येईपर्यंत ते मनात घोळवा, आणि अंधेरीपर्यंत त्या दिवशी भेटणाऱ्या एका माणसाचे नाव त्या वाक्याला जोडा : ज्याची चूक तुम्ही सर्वांसमोर दाखवणार होता तो कनिष्ठ सहकारी, किंवा ज्याला तुम्ही आठवडाभर फोन केलेला नाही तो आजारी मित्र. संध्याकाळी परतीच्या गाडीत त्या माणसाचे काय झाले, एवढेच देवाला सांगा. गर्दीत हात वर काढायलाही जागा नसेल तर मोबाइल खिशातच राहू द्या. आदल्या रात्री वाचून ठेवलेले वाक्य उभ्या उभ्या पुरते.