ना हरकत दाखल्यानंतर बदललेली इमारत

बाणेरमधील आपल्या 22 मजली सोसायटीला भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला मिळाला असताना, तळघरात विजेच्या दुचाकींच्या चार्जिंगची सोय करण्यापूर्वी आणखी काही करावे लागेल का, असे आपण विचारले आहे. करावे लागेल, आणि त्यातील बरेचसे चार्जिंगशी संबंधित नाही. तो दाखला रिकाम्या इमारतीला मिळाला होता. तिच्यात माणसे, सामान आणि केबली नंतर आल्या.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते आणि दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. मात्र त्या कागदावर विसंबू नये, हे मी सचिवपदाच्या काळात चांगलेच शिकलो. जलवाहिनीतील किरकोळ गळतीमुळे दाब उतरून रात्री-अपरात्री जॉकी पंप (त्या वाहिनीतील दाब टिकवणारा छोटा पंप) सुरू होई, म्हणून रहिवाशांच्या तक्रारींना कंटाळून कोणीतरी पॅनेल ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेऊन ठेवले होते. त्याच उन्हाळ्यात टँकरचा खर्च वाचवण्यासाठी आगीसाठी राखीव असलेल्या टाकीतील पाणी वापराला घेतले जात होते. फॉर्म बी मात्र वेळेवर येत होता. तेव्हा पुढच्या तपासणीला स्वतः उभे राहा, सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवण्याच्या पाण्याचा नळ, उघडायला लावा आणि पंप आपोआप सुरू होतो का ते पाहा.

त्यानंतर जिन्याने वरपासून खालपर्यंत चालत या. आग व धूर रोखण्यासाठी मिटलेल्या राहायला हव्यात अशा फायर डोअरला विटेची टेकण, जिन्यात चपलांची कपाटे, बंदिस्त करून कोठी बनवलेला रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेली सुरक्षित जागा), हे आपल्याला बहुधा दिसेलच. जे सहसा नजरेतून सुटते ते केबल डक्टमध्ये, म्हणजे केबली वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत, असते. प्रत्येक मजल्यावर डक्टची फट आग रोखणाऱ्या साहित्याने बुजवलेली असावी लागते; परंतु इंटरनेटची नवी केबल टाकणारा माणूस ती फोडतो आणि तशीच सोडून जातो. मग खालच्या मजल्यावरचा धूर चिमणीतून चढावा तसा वर जातो, आणि आगीत बहुतेक माणसे ज्वाळांनी नव्हे तर धुराने दगावतात.

आता चार्जिंग. लिथियम-आयन बॅटरीचा एक सेल बिघडून तापला की शेजारचे सेल तापत जातात आणि विषारी व ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. कोरड्या पावडरचे नळकांडे ज्वाळा दाबते, पण बॅटरी थंड करत नाही, त्यामुळे विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. सप्टेंबर 2022 मध्ये सिकंदराबादला विजेच्या दुचाकींच्या शोरूममधील आगीचा धूर वरच्या हॉटेलात शिरला आणि 8 जणांचा मृत्यू झाला. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: तळघर नको. उघड्या आवारात, जिन्याच्या व लिफ्टच्या तोंडापासून दूर, स्वतंत्र मीटर व स्वतंत्र ब्रेकर असलेली जागा द्या, आणि बॅटरी घरात नेऊन रात्रभर चार्ज करण्यास मनाई करा. मात्र अग्निशमन गाडी आत येण्याचा व वळण्याचा 6 मीटरचा मार्ग त्या जागेने अडता कामा नये.

तळमजल्यावर दुकाने असतील तर तीही पाहा. ऑगस्ट 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखलीच्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि आत झोपलेल्या एकाच कुटुंबातील 4 जणांचा जीव गेला. पोटमाळ्यावर कोणी मुक्कामाला असते का आणि शटरखेरीज बाहेर पडायला वाट आहे का, हे समितीने विचारायलाच हवे; त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

राहता राहिली माणसे. मुले परदेशी, आणि सतराव्या मजल्यावर गुडघ्यांचे दुखणे घेऊन एकटे राहणारे आई-वडील, हे चित्र आपल्याकडेही असणार. त्यांना 17 मजले उतरवण्याचा विचार व्यवहार्य नाही. जवळच्या रेफ्यूज एरियापर्यंत त्यांना कोण नेणार, हे नावानिशी ठरवून ती यादी सुरक्षारक्षकाच्या टेबलावर ठेवा आणि रक्षक बदलला की नव्या माणसाला ती समजावून सांगा. सराव रविवारी सकाळी घेऊ नका. मंगळवारी अकरा वाजता घ्या, जेव्हा इमारतीत ज्येष्ठ, लहान मुले, कामाला येणाऱ्या मावशी आणि रक्षक एवढेच असतात.