जुनी सॅन स्टॉर्म (फायबर बॉडीची दोन सीटची गाडी) घेतली आहे. नवीन बॅटरी टाकूनही सेल्फ नुसता टक करतो, गॅरेजवाला सेल्फ मोटर बदला म्हणतो. शिवाय छत गळतं. काय करू?

मोटर बदलू नका. आधी अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी) बघा. एवढं एक वाक्य मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर माझे अठरा हजार वाचले असते आणि बाबांशी सहा महिने अबोला झाला नसता.

माझी पण स्टॉर्मच. वेंगुर्ल्यात घर, समुद्र पाच मिनिटांवर, गाडी खळ्यात झापांच्या माटवाखाली. पावसाळाभर उभी होती, नवरात्रात सेल्फ मारला तर टक. बॅटरी बदलली, तरी टक. टोचन करून गॅरेजला नेली, त्यांनी सेल्फ मोटर बदलली, आठ दिवस मस्त चालली आणि परत टक (बोल्ट खोलून आवळल्यामुळे तेवढ्यापुरता कॉन्टॅक्ट मिळाला असणार, हे आता कळतं). मग अल्टरनेटर बदलला. मग अ‍ॅक्सिलरेटरची केबल जाम व्हायला लागली, ती बदलली तर पंधरा दिवसांत नवीन पण जाम. बाबा रोज सकाळी चहा घेताना तेच, "खाऱ्या वाऱ्यात ह्यो डबो टिकाचो नाय, इकून टाक."

एकदा दोनतीनदा सेल्फ मारून झाल्यावर सहज त्या अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लागला तर चटका बसला. केबल गरम कशाला होईल? गॅरेजमध्ये सांगितलं तर कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी बंदरावर ट्रॉलरची वायरिंग करणारे एक काका घरी आले, त्यांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला लावलं आणि म्हणाले मार सेल्फ. गर्रकन फिरला. मी तिथेच खाली बसलो.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी हाच करंटचा परतीचा रस्ता. माझी पट्टी आतून हिरवी होऊन कुजली होती. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, ते परत जायला रस्ता शोधत अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होते, म्हणून केबल तापून आतलं प्लॅस्टिक वितळत होतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे, हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा हलायचा, ते पण गाडीच्या मागच्या बाजूच्या खराब अर्थमुळेच. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ असते, फायबरमधून करंट जात नाही, सगळ्या काळ्या वायरी दोनचार बोल्टांवर येतात आणि आपल्या खाऱ्या हवेत ते बोल्ट आधी जातात.

पट्टी मला तीनशे रुपयांना पडली. दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा, आधी नाही. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, एक ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ गेलाच.

गाडी विकू मात्र नका. गोव्यात बनलेली दोन सीटची गाडी आहे, ११४९ सीसीचं रेनोचं इंजिन, तेच युरोपात क्लिओ आणि ट्विंगोला होतं, पार्ट शोधले की मिळतात. बॉडीला तडे असतील तर होड्यांचं फायबरकाम करणाऱ्याकडे जा, गाडीच्या पेंटरपेक्षा त्याला जास्त कळतं. खारा वारा गाडी खात नाही, जोड खातो. हे मी बाबांना जुनी पट्टी हातात देऊन दाखवलं. ती त्यांनी देवळीत ठेवली आहे, अजून तिथेच आहे.

छताचं म्हणाल तर काचेच्या कडेचं रबर बदलून बघा. आणि ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका, आत दमट कोंडतं.

हां, जंपर लावूनही टकच आलं तर मग मोटर किंवा सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा स्विच) खराब असू शकतो, तेव्हा गॅरेजवाल्याचं बरोबर. टेस्टच्या वेळी गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. आणि घासायला घ्यायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.