कृपण म्हणजे काटकसरी नव्हे

डच चित्रकार हिएरोनिमस बॉशच्या ‘डेथ अँड द मायझर’ या चित्राला मराठीत ‘मृत्यू आणि कंजूष’ म्हणावं की ‘मृत्यू आणि कृपण’, असं विचारलंय.

‘कृपण’च म्हणा. कंजूष, चिक्कू, कवडीचुंबक सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. पण ‘आमचे आजोबा फार कृपण, सुतळीसुद्धा जपून ठेवायचे’ असं कौतुकानं बोललेलं हल्ली सारखं कानावर येतं आणि डोकं उठतं. सुतळी जपणारा काटकसरी. त्याला कृपण म्हटलं की त्याची कीव केली.

कीव या शब्दातच आहे. धातू कृप्, म्हणजे विलाप करणे, कळवळणे. ‘कृपा’ याच घरातली. कृपण म्हणजे मुळात दीन. गीतेत अर्जुन स्वतःला ‘कार्पण्यदोषोपहतस्वभावः’ म्हणतो, तिथे पैशाचा संबंधच नाही. आणि बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य गार्गीला सांगतो: ते अक्षर, म्हणजे अविनाशी ब्रह्म, न जाणता जो या लोकातून जातो, ‘स कृपणः’. शब्द थेट मरणाच्या उंबऱ्यावर उभा आहे!

शंकराचार्य इथे ‘पणक्रीत इव दासादिः’ म्हणतात, म्हणजे मोल देऊन घेतलेल्या दासासारखा. ‘पण’ म्हणजे नाणं, त्यामुळे ही फोड अनेकांना मोहात पाडते. मला ती साफ अमान्य आहे; नुसतं ध्वनिसाम्य ते. गीताभाष्यात (२.४९) त्यांनीच ‘कृपणाः दीनाः’ असं सरळ लिहिलंय, तेच धरावं.

आता खरा आनंद: इंग्रजी ‘मायझर’ ज्यातून आला तो लॅटिन ‘मिझेर’ म्हणजेही दीनच! धन दाबून बसणारा हा अर्थ मागाहून चिकटला. माझं ठाम मत आहे की दोन्हीकडे माणसांना साठवणाऱ्याचा राग येण्याआधी दया आली.

बॉशलाही ती आली असावी. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधला हा अरुंद, उभा फलक साधारण १४८५-९० चा. पलंगावर कृपण मरायला टेकलाय. दारातून मृत्यू बाण घेऊन आत येतोय, वर खिडकीत क्रूस, कृपणाच्या खांद्याशी देवदूत, आणि पडद्याखालून सैतान थैली पुढे करतोय. रंगाखालच्या रेखाटनात थैली मरणाऱ्याच्या मुठीत होती. रंगवताना बॉशनं हात नुसता तिच्याकडे वळलेला ठेवला. त्या हाताला ‘कंजूष’ पुरत नाही. पलंगाच्या पायथ्याशी हिरव्या झग्यातला म्हातारा एका हातात जपमाळ धरून दुसऱ्यानं थैलीत नाणं टाकतोय. थैली धरलीय पेटीतल्या सैतानानं.